मुक्तिनाथाची यात्रा नेणाऱ्यांस आणि तेथे निघालेल्यांस खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून मुक्तिनाथाची यात्रा नेणारे आयोजक व त्यांचे सहल व्यवस्थापक,
तसेच या यात्रेस निघालेले सर्व यात्रेकरू,

स. न. वि. वि.

माझ्या एका काकूंनी गेल्या आठवड्यात मला नेपाळ यात्रेचे एक पत्रक पाठवले आणि 'तू दोनदा जाऊन आली आहेस, तर जाऊ का ते सांग' असे विचारले. पत्रक देखणे आहे. पशुपतिनाथ, मनकामना, पोखऱ्याचे सरोवर, सगळे यथास्थित आहे. पाचव्या दिवसासमोर मात्र एवढेच लिहिले आहे: 'पहाटे हेलिकॉप्टरने मुक्तिनाथ, १०८ धारांखाली स्नान व दर्शन, दुपारच्या भोजनास पोखरा परत.' काकू बहात्तर वर्षांच्या आहेत आणि रक्तदाबाची गोळी घेतात. मी त्यांना उत्तर लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता लक्षात आले की जे सांगायचे आहे ते त्यांच्याआधी तुम्हाला सांगायला हवे. ही ओळ थोड्याफार फरकाने तुमच्यापैकी अनेकांच्या पत्रकांत असते, आणि ज्या स्थानाबद्दल ती आहे ते स्थान तिच्यात मावत नाही.

आधी उंचीविषयी, कारण तिथे चूक झाली तर पुढचे काही पाहायला माणूस शुद्धीवर राहत नाही. मुक्तिनाथ मुस्तांग जिल्ह्यात, थोरोंग ला या ५,४१६ मीटर उंचीच्या खिंडीच्या पायथ्याशी, सुमारे ३,७०० ते ३,८०० मीटरवर आहे. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकीवर एक रचल्या तरी मुक्तिनाथ वरच राहते. पोखरा जेमतेम ८०० मीटरवर आहे. मंदिराच्या पायऱ्यांवर आपण जो श्वास घेतो त्यात समुद्रसपाटीच्या मानाने दोन तृतीयांशच्या आसपास प्राणवायू मिळतो, आणि हे पत्रकात कुठेही नसते.

माझी पहिली यात्रा एका आयोजकाबरोबर झाली. त्यांनी आम्हाला पोखऱ्याहून जीपने एकाच दिवसात थेट मंदिराखालच्या राणीपौवा गावात आणले आणि तिथेच मुक्कामाला टाकले. रात्रभर निम्म्या मंडळींची डोकी ठणकत होती, जेवण कोणाला गेले नव्हते, आणि व्यवस्थापक सगळ्यांना 'प्रवासाचा शीण आहे' असे सांगत फिरत होते. पहाटे पाचला आम्हाला उठवून धारांकडे नेले. सत्तरीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ, आदल्या दिवसाचा उपास धरलेले, पंचा नेसून धारांखालून धावले आणि शेवटच्या धारेशी पोहोचण्याआधी खाली बसले. ओठ निळे पडले होते. कोणी तरी म्हणाले, 'श्रद्धा असली की काही होत नाही.' तेथील एका घोडेवाल्याने त्यांच्या अंगावर स्वतःची घोंगडी टाकली आणि 'खाली न्या, लगेच खाली न्या' असे हिंदीत तीनदा सांगितले. जोमसोमला, म्हणजे हजार मीटर खाली उतरल्यावर, ते गृहस्थ चहा मागू लागले. त्यांचे नशीब चांगले होते, इतकेच म्हणता येईल.

हेलिकॉप्टरने तासाभरासाठी जाऊन येणाऱ्याला विरळ हवेचा आजार होईलच असे नाही, हे मला ठाऊक आहे. तो सहसा काही तासांनी डोके वर काढतो, आणि म्हणून वर जाऊन लगेच मुक्काम करणे हे वर जाऊन लगेच परतण्यापेक्षा अधिक धोक्याचे ठरते. तरीही रिकाम्या पोटी, धावत, बर्फाच्या पाण्याखाली जाणे हे हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्या माणसाच्या बाबतीत वेगळेच प्रकरण आहे. साधा उपाय असा की पोखऱ्यानंतरची पहिली रात्र मार्फा किंवा जोमसोम येथे काढावी, दुसरी कागबेनीला काढावी आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्तिनाथ करून झोपायला पुन्हा खाली यावे. ही सर्व गावे सुमारे २,७०० ते २,८०० मीटरवर आहेत. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघी बहिणींनी असेच केले आणि धारांखाली उभे राहून, न धावता, सगळ्यांचे पाणी डोक्यावर घेतले. बोटे बधिर झाली, दुसरे काही झाले नाही. स्नान न झेपणाऱ्यांनी एका धारेचे पाणी ओंजळीत घेऊन मस्तकी लावले तरी चालते, असे व्यवस्थापकाने माइकवरून एकदा म्हणावे. म्हाताऱ्या माणसांना मागे हटायला एखादे सन्माननीय निमित्त हवे असते.

वाऱ्याचेही सांगून ठेवते. काली गंडकीची दरी एका बाजूला धौलागिरी आणि दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा अशा आठ हजार मीटरपेक्षा उंच पर्वतांच्या मधून जाते. ऊन चढले की वरचे उघडे पठार तापते, आणि दक्षिणेकडची हवा त्या चिंचोळ्या फटीतून वर खेचली जाते; साधारण दहा-अकरानंतर जोमसोमला डोळ्यांत वाळू जाईल असा वारा सुटतो. म्हणून तिथली विमाने सकाळीच उडतात, आणि सकाळी ढग असले तर उडत नाहीत. २९ मे २०२२ रोजी पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले एक लहान विमान कोसळून त्यातील सर्व २२ जण दगावले. त्यांत महाराष्ट्रातले प्रवासीही होते. असे असताना 'आजच उडवा, उद्या आमची काठमांडूची गाडी आहे' असा तगादा विमानतळाच्या खिडकीशी लावणारे मराठी आवाज मी स्वतः ऐकले आहेत. कार्यक्रमात एक मोकळा दिवस ठेवला तर ही वेळ येत नाही. तो दिवस वाया जाईल अशी भीती वाटत असेल, तर कागबेनीला तो कसा जातो ते एकदा पाहावे.

आता मुख्य विषयाकडे येते. मुक्तिनाथ हे हिंदूंचे तीर्थ आहे, आणि तितकेच ते बौद्धांचेही आहे. हे वाक्य तुमच्या पत्रकातही असते. पण त्याचा अर्थ काय होतो, हे ना आम्हाला सांगितले जाते ना पाहू दिले जाते.

वैष्णवांच्या दृष्टीने हे १०८ दिव्यदेशांपैकी, म्हणजे तमिळ आळवार संतांनी गायलेल्या विष्णुस्थानांपैकी, एक आहे. त्यांतले १०५ भारतात आहेत, दोन या पृथ्वीवरचे मानले जात नाहीत, आणि उरलेले एक हे. तिरुमंगै आळवारांनी ज्या शालिग्राम क्षेत्राचे गुणगान केले ते हेच, अशी दक्षिणेतील भाविकांची श्रद्धा आहे. म्हणून तिथे मराठी कानांना हिंदीच्या खालोखाल तमिळ ऐकू येते. आपल्या घरचा धागाही तितकाच जवळचा आहे. कार्तिकात तुळशीचे लग्न ज्या काळ्या दगडाशी लावतो तो याच काली गंडकीच्या पात्रातला. वृंदेच्या शापाने विष्णू शिळा झाला, ती ही शिळा. भूगर्भशास्त्र सांगते की ती कोट्यवधी वर्षांपूर्वी टेथिस समुद्रात राहणाऱ्या ॲमोनाइट नावाच्या शंखधारी प्राण्याचा जीवाश्म आहे, आणि तिच्यावरचे चक्र म्हणजे त्याच्या शंखाची वेटोळी आहेत. समुद्राचा तळ पावणेचार हजार मीटरवर येऊन देवघरात बसला, यात मला तरी श्रद्धेला धक्का लागण्यासारखे काही दिसत नाही.

तिबेटी भाषेत याच स्थानाचे नाव छुमिग ग्यात्सा, म्हणजे शंभरांहून अधिक झऱ्यांची जागा. तिबेटात बौद्ध धर्म रुजवायला निघालेले गुरू पद्मसंभव, ज्यांना तिथे गुरू रिन्पोछे म्हणतात, वाटेत येथे ध्यानाला बसले होते, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. हे स्थान त्यांच्या लेखी डाकिनींचे, म्हणजे आकाशात संचार करणाऱ्या दैवी स्त्रीशक्तींचे, आहे. गाभाऱ्यातील माणसाएवढ्या सोनेरी मूर्तीला आपण विष्णू म्हणतो, दऱ्याखोऱ्यांतली बौद्ध माणसे तिला चेनरेझिग, म्हणजे अवलोकितेश्वर म्हणून नमस्कार करतात. मंदिराभोवती जी भोटे पिंपळाची, म्हणजे पॉपलरची राई आहे, ती ८४ सिद्धांनी रोवून ठेवलेल्या काठ्यांना पालवी फुटून झाली, असे ते सांगतात. १०८ हा आकडा आपल्या जपमाळेत आहे तसाच त्यांच्याही माळेत आहे. पागोडा पद्धतीचे आजचे मंदिर १८१५ साली नेपाळच्या राणी सुवर्णप्रभा यांनी बांधवले असे सांगतात आणि खालच्या गावाचे नावही राणीच्या पौव्यावरून, म्हणजे धर्मशाळेवरून पडले. पण त्या पाण्याच्या धारांना पवित्र मानणारे लोक त्याच्याही पुष्कळ आधीपासून येथे राहतात, आणि ते बौद्ध आहेत. आपण ज्यांच्या अंगणात जातो ते घरमालक हे आहेत.

आमच्या पहिल्या सहलीत जीपच्या वाटेवर व्यवस्थापकांनी या साऱ्याचा निकाल एका वाक्यात लावला होता. ते म्हणाले, 'बुद्ध हा विष्णूचाच नववा अवतार, त्यामुळे सगळे एकच आहे, कोणी गोंधळून जाऊ नका.' त्यांचा हेतू वाईट नव्हता; वाद नको, एवढाच होता. पण माझ्या पुढच्या आसनावर विदर्भातून आलेले एक निवृत्त जोडपे बसले होते. दीक्षा घेतलेल्या घरातले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पाचवी नेमकी हेच नाकारणारी आहे. महाराष्ट्रातून निघालेल्या गाडीत, महाराष्ट्रातल्याच माणसांपुढे बोलताना हे ठाऊक नसावे, याचे मला आजही आश्चर्य वाटते. ते गृहस्थ काहीच बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने खिडकीची काच वर सरकवली आणि बाहेर पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जोमसोमला जेवणाच्या टेबलावर, ते मला म्हणाले, 'आम्ही बुद्ध पाहायला आलो होतो, बुद्ध कोणाचे अवतार आहेत ते ऐकायला नव्हे.' मग थोडे थांबून, हसून, असेही म्हणाले की गोंपातल्या, म्हणजे तिथल्या बौद्ध मठातल्या, लोण्याच्या समया, डाकिन्या आणि गुरू रिन्पोछेंच्या मिशा पाहून तेही चक्रावले होते, कारण त्यांच्या घरच्या धम्मात यातले काही नाही. म्हणजे तिथे हिंदू आणि बौद्ध असे दोनच पक्ष आहेत, हेही खरे नाही. त्यांना मुक्तिनाथ आमच्याइतकेच परके आणि आमच्याइतकेच आपले होते.

दशावतारांच्या जुन्या छापील चित्रांत नवव्या जागी आपल्याकडे कधी बुद्ध तर कधी विटेवरचा विठ्ठल दिसतो, आणि त्यावर आपल्या घरात बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ते घरात बोलावे. मुक्तिनाथाला ते ओझे नेऊ नये, कारण तिथे हा प्रश्न कोणी सोडवलेला नाही आणि सोडवण्याची कोणाला घाईही नाही. तिथले शहाणपण, मला समजले ते, असे आहे: मूर्ती एक आहे, नावे दोन आहेत, आणि एका नावाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही. ब्राह्मण पुजारी आपले मंत्र म्हणतात. पूजेच्या व्यवस्थेत गावातल्या बौद्ध भिक्षुणींचा हात असतो. भिक्षुणी मूर्तीला विष्णू म्हणत नाहीत, पुजारी त्यांना तसे म्हणायला लावत नाहीत. 'सगळे एकच' या वाक्याने यातले काहीच कळत नाही, उलट जे दिसायला हवे तेच झाकले जाते. व्यवस्थापकांनी त्याऐवजी 'ही जागा दोघांची आहे' एवढेच म्हणावे, आणि दोघे कोण ते नीट सांगावे.

या भिक्षुणींना तिथे आनी म्हणतात. आदराने हाक मारायची तर आनी-ला. आमच्यातल्या बहुतेकांनी त्यांना 'ओ मावशी' अशी हाक मारली, चपला सांभाळायला सांगितल्या, आणि एकीने तर प्रसादाचे ताट हातात देऊन फोटोसाठी उभे केले. मावशी हा आपल्याकडे प्रेमाचा शब्द आहे आणि कामवाल्या बाईला मारायच्या हाकेचाही. त्या हाकेत दोन्हींपैकी कोणता होता ते ऐकणाऱ्याला भाषा न कळताही कळते. डोक्याचे केस उतरवलेल्या, मळखाऊ लाल वस्त्रांतल्या त्या स्त्रिया संन्यासिनी आहेत, आणि पंढरपुरात आपण एखाद्या महाराजांपुढे जसे वागू तसेच त्यांच्यापुढे वागायला हवे, एवढे गाडीतून उतरण्याआधी सांगायला दोन मिनिटे लागतात.

धारांपाशी मी पाहिलेले एक दृश्य सांगते. पाठीमागच्या दगडी भिंतीतून, बैलाच्या मुखाच्या आकाराच्या पितळी तोट्यांतून, १०८ धारा अर्धवर्तुळात पडतात. समोर दोन कुंडे आहेत. आमच्या गटातले वीसेक जण ओल्या अंगाने ओरडत धावत होते, कोणी चित्रफीत काढत होते, कोणी 'पुन्हा एकदा, नीट आले नाही' म्हणून परत धावत होते. विष्णूच्या दारात 'हर हर महादेव' चालले होते, त्याला अर्थातच कोणाची हरकत नव्हती. एका कडेला गावातली एक म्हातारी उभी होती. कमरेला पट्ट्यापट्ट्यांचे लोकरी वस्त्र, एका हातात लहान मणिचक्र, म्हणजे जपासाठी फिरवायचे मंत्रांचे चक्र, दुसऱ्या हातात प्लास्टिकची रिकामी बाटली. ती मोकळी जागा होण्याची वाट पाहत होती. चक्र फिरत होते, ओठ हलत होते, आणि ती आमच्याकडे पाहतही नव्हती. किमान दहा मिनिटे ती तशीच होती. मग फट मिळताच ती पुढे आली, पहिल्या तोटीपासून शेवटच्या तोटीपर्यंत प्रत्येक धारेला फक्त बोटे लावून ती कपाळाला नेली, शेवटी बाटली भरली आणि गेली. भिंतीवर तेव्हा आमच्या लोकांचे तीन ओले पंचे आणि एक टाकलेली बनियन होती. जुने वस्त्र तीर्थात सोडायची आपली रीत असेल. पण तिथे ते उचलायला जो येतो त्याने काय करावे, याचा विचार आपण केलेला नसतो. कपडे खाली घेऊन या, असे सांगा. साबण लावणाऱ्यांना तर हाताला धरून थांबवा.

आणि ज्वाला माई. पहिल्या यात्रेत मी ती पाहिलीच नाही. मुख्य मंदिरापासून चालत काही मिनिटांवर हा लहानसा गोंपा आहे, पण आमच्या कार्यक्रमात तो नव्हता. आवारातल्या बुद्धांच्या मोठ्या मूर्तीपुढे फोटो काढायला मात्र आम्हाला वेळ दिला गेला. व्यवस्थापक म्हणाले की 'तिकडे विशेष काही नाही'. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघी तिथे गेलो तेव्हा आत एकच आनी होत्या, भिंतीला टेकून माळ ओढत बसलेल्या. त्यांनी वेदीखालचा पडदा बाजूला केला आणि खाली वाकायची खूण केली. गुडघे टेकून, गाल जवळजवळ जमिनीला लावला, तेव्हा जाळीच्या पलीकडच्या काळोखात बोटाच्या पेराएवढी निळी ज्योत दिसली. तिच्या खालून पाणी वाहत होते. ते दिसत नव्हते, त्याचा आवाज येत होता. जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूची ती ज्योत आहे. ब्रह्मदेवाने पाण्यावर पेटवलेला यज्ञाग्नी म्हणून हिंदू तिला नमस्कार करतात, आणि तिच्यावर उभा आहे तो गोंपा, आत मूर्ती आहेत त्या बौद्धांच्या, तेलवात करतात त्या आनी. म्हणजे 'दोघांचे' या शब्दाचा अर्थ जिथे डोळ्यांनी दिसतो ती हीच खोली, आणि तीच कार्यक्रमातून गळते. माझ्या बहिणीने उठताना सवयीने आधी त्या ज्योतीला आणि मग आनींना नमस्कार केला. त्यांनी पडदा पुन्हा ओढून घेतला आणि माळ पुढे ढकलली. आत फोटो काढायचे नसतात, त्यामुळे दाखवायला माझ्याकडे काही नाही. कदाचित म्हणूनच ती खोली कार्यक्रमात नसावी.

चालण्याच्या रीतीबद्दल एक छोटी गोष्ट. वाटेत मणिभिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती), छोर्तेन (तिबेटी स्तूप) आणि मणिचक्रांच्या रांगा लागतात. त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे असते, म्हणजे आपली प्रदक्षिणा जशी असते तशीच. यात आपल्याला नवे काही शिकायचेही नाही. (जवळच लुब्रा नावाचे गाव आहे, तिथले बोन या तिबेटातल्या जुन्या धर्माचे लोक उलट्या दिशेने फिरतात. तिथे गेलात तर यजमानांचे ऐका.) मणिचक्र हे लहान मुलांनी गरगरा फिरवून पाहायचे खेळणे नव्हे आणि वाऱ्यावरच्या रंगीत पताका घरी सजावटीला तोडून आणायच्या नसतात, हे लिहावे लागते, कारण दोन्ही मी पाहिले आहे.

मोकळा दिवस कागबेनीला द्या, असे वर म्हटले, त्याचे कारण सांगते. पितरांचे श्राद्ध करायला आपले लोक तिथे, काली गंडकीच्या काठी, जातातच. पिंडदान झाले की गाडीत बसतात. पण त्या गावात लाल मातीच्या भिंतींचा जुना गोंपा आहे, गल्ल्या अशा अरुंद की समोरून खेचर आले तर भिंतीला चिकटून उभे राहावे लागते, आणि गावाच्या वरच्या टोकाला उभे राहिले की पुढे वरच्या मुस्तांगची मोकळी, करडी दरी दिसते, जिथे जायला परदेशी माणसाला वेगळा परवाना लागतो. ज्यांना श्राद्ध करायचे नाही, अशा त्या विदर्भातल्या जोडप्यासारख्या सहप्रवाशांनी तो दिवस जीपमध्ये बसून काढू नये. एखादा गावातलाच वाटाड्या घ्यावा. त्याच्या मजुरीने तुमच्या सहलीचे दर फारसे वाढणार नाहीत, आणि तो 'सगळे एकच' म्हणणार नाही.

श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या राखीपौर्णिमेच्या सुमारास, मुक्तिनाथाला जानवे बदलणाऱ्या हिंदूंची गर्दी होते, आणि त्याच दिवसांत दरीतले बौद्ध यारतुंग हा घोड्यांच्या शर्यतींचा सण करतात. दोन्ही एकाच डोंगरावर पाहता येतात. मात्र पावसाळ्यात खालच्या बेनीपासूनच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, म्हणून वयस्कांना घेऊन तेव्हा जाऊ नये. चैत्र-वैशाख किंवा दसरा-दिवाळीच्या आगेमागे हवा चांगली असते. कागदपत्रांचे तुम्ही बहुधा नीट सांगता, तरी पुन्हा सांगते: विमानाने जाणाऱ्याने पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र घ्यावे, आधार कार्डाच्या भरवशावर निघू नये.

यात्रेकरूंना माझे एवढेच म्हणणे आहे की पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. मुक्तिनाथाच्या आदल्या रात्री आम्ही किती उंचीवर झोपणार आहोत? आणि मंदिराच्या आवारात आम्हाला किती तास मिळणार आहेत? तीन तासांपेक्षा कमी सांगितले तर ज्वाला माई होणार नाही, असे समजा. व्यवस्थापकाला या प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ नसतील तर त्याने विचारून कळवावे. त्यात कमीपणा नाही, मलाही पहिल्या खेपेला यातले काहीच ठाऊक नव्हते.

काकूंना मी 'जा' असे कळवले आहे. त्यांनी आयोजकांना फोन करून पाचव्या दिवसाची ओळ बदलून मागितली आहे: जोमसोमला एक रात्र, कागबेनीला एक रात्र, स्नान ऐच्छिक, ज्वाला माई नावानिशी. उत्तर यायचे आहे. पुढचा हप्ता त्यांनी तोवर भरलेला नाही.

कळावे,
आपली,
मुक्तिनाथाला दोनदा जाऊन आलेली एक यात्रेकरू